दिसण्यापुरते हुक

नेरुळला माझं फॅब्रिकेशनचं दुकान आहे. ग्रिल, गेट, जिन्याचे कठडे, सोसायटीच्या पाण्याच्या टाकीचे स्टँड, असली कामं. गाड्यांचं काम मी करत नाही असं मी प्रत्येकाला सांगतो आणि तरी वर्षातून दहा-बारा वेळा कुणाच्या ना कुणाच्या गाडीखाली झोपलेला असतो. स्वभाव माझा तापट, पण कुणी "मिस्त्री, हे तुमच्याशिवाय व्हायचं नाही" म्हटलं की मी विरघळतो. बायको म्हणते, तुम्हाला हरभऱ्याच्या झाडावर चढवायला माणूस लागत नाही, तुम्ही आधीच वर बसलेले असता.

त्या मे महिन्यातही मी वरच बसलेलो होतो. दुकानापासून हाकेच्या अंतरावर सारसोळे गाव. गाव म्हणजे आता चहूबाजूंनी इमारती, पण आतल्या गल्ल्या अजून कोळ्यांच्या, आणि गल्ली संपली की खाडी. तिथला एक कोळी माझा जुना दोस्त, माझ्याच वयाचा. मी त्याला दादा म्हणतो, तो मला मिस्त्री म्हणतो. त्याच्याकडे एक फोर बाय फोर पिकअप आहे. बर्फ, जाळी, मासळीचे क्रेट, सगळं तिच्यातून. उधाणाच्या भरतीला जेट्टीच्या उतारावर पाणी चढतं आणि खारं पाणी दारातून आत येऊन केबिनचा पत्रा खातं, म्हणून त्याने गाडीची बॉडी लिफ्ट करून घेतली. म्हणजे चाकं, इंजिन आणि खालची चेसी, गाडीचा लोखंडी सांगाडा, आहे तिथेच ठेवायची, आणि चेसी व वरच्या बॉडीच्या मध्ये तीन-तीन इंचांचे गुटके घालून वरचं सगळं धूड उचलून बसवायचं.

लिफ्टवाल्यांनी काम चोख केलं. बॉडी वर गेली तसा पुढचा बंपरही त्यांनी लोखंडी पट्ट्या लावून तीन इंच वर घेतला. अडचण झाली ती पुढच्या दोन टोइंग हुकांची. हे हुक चेसीला बोल्ट केलेले, त्यामुळे ते काही वर जात नाहीत. पूर्वी ते बंपरच्या दोन भोकांतून ऐटीत बाहेर डोकवायचे. आता भोकं वर गेली आणि हुक बंपरच्या खालच्या पत्र्याला आडवे यायला लागले. मग त्या लोकांनी दोन्ही हुक खोलले, बोल्टांसकट एका गोणीत घातले आणि गोणी मागच्या हौद्यात टाकून दिली. हे आमचं काम नाही, म्हणाले.

दादा ती गोणी घेऊन माझ्याकडे आला.

"मिस्त्री, हुक बसवून दे. भोकातून भायेर दिसलं पायजेन."

"दिसले पाहिजेत?"

"दिसलं पायजेन. दोन हप्ते झाले, गाडीला हुकच नाय. बरा नाय वाटत."

इथेच माझी गाडी रुळावरून घसरली. लिफ्ट केलेल्या गाड्या मी पाम बीच रोडला रोज बघतो. उंच चाकं, छतावर दिव्यांची रांग आणि पुढे लालभडक रंगवलेले हुक. त्या हुकांनी जन्मात कधी साधी स्कूटरसुद्धा ओढलेली नसते. मला वाटलं, दादालाही या वयात तीच हौस आली. आली तर आली, माणसाने हौस करावी. मी मनातल्या मनात त्याची थोडी टिंगल केली आणि कामाला लागलो.

काम करायचे दोन रस्ते होते. एक, हुक चेसीच्या जुन्या जागी लावायचे आणि बंपर खालून कापायचा. हा रस्ता भक्कम, पण दिसायला वाईट, आणि नवा रंग दिलेला बंपर कापायचा म्हणजे माझ्या जिवावर आलं. दुसरा रस्ता, बंपर ज्या पट्ट्यांवर उचलला होता त्या पट्ट्यांनाच हुक जोडायचे. त्या पट्ट्या बंपरचं वजन पेलण्यापुरत्या, पाच मिलिमीटरच्या. पण हुक अगदी भोकाच्या मधोमध येत होते. मी दुसरा रस्ता घेतला. पट्ट्यांवर दोन छोट्या प्लेटा वेल्ड केल्या, घासून गुळगुळीत केल्या, दुकानातल्या बारीक बोल्टांनी त्यांवर हुक बसवले, आणि दादाने सांगितलं नसताना मी वर लाल रंगही मारला.

माझे वडील साताऱ्याकडून आलेले. वाशीच्या मार्केटात गोणी उचलायचे. कमरेला लोखंडी आकडा खोचलेला असायचा, तो गोणीत रुतवायचा आणि गोणी पाठीवर घ्यायची. ते म्हणायचे, "आकडा कुठं रुततोय ते बघावं, चकाकतोय किती ते बघू न्हाई." हे मी लहानपणी शंभरदा ऐकलं. ऐकून मोठा झालो आणि गुळगुळीत घासलेल्या प्लेटांवर लाल रंग मारला.

दादा गाडी न्यायला आला तेव्हा त्याने हुकाला हात लावून बघितला.

"घट हाय ना?"

"ट्रक टांग," मी म्हणालो. "निघाला तर दुकानाला कुलूप घालतो."

तो हसला. मी हुकांचा फोटो काढून व्हॉट्सअ‍ॅपच्या स्टेटसला टाकला आणि दिवसभर कोण कोण बघतंय ते बघत बसलो.

चार दिवसांनी संध्याकाळी मी त्यांच्या गल्लीत एका कठड्याचं माप घ्यायला गेलो होतो. दादाची पिकअप घरासमोर उभी होती. डाव्या लाल हुकाला जाळ्याच्या हिरव्या दोऱ्याचा एक तुकडा बांधलेला दिसला. दोन गाठी आणि खाली वीतभर लोंबणारं टोक. दादाची बायको अंगणात पसरलेला जवळा गोळा करत होती.

"वहिनी, नजर लागू नये म्हणून बांधलाय का?" मी विचारलं. "लिंबू-मिरची महाग झाली वाटतं."

ती हसली. "नजरंचा नाय भाऊ. त्यो सांगावा हाय."

मग तिने मला जे सांगितलं ते मी इतकी वर्षं शेजारी राहून ऐकलं नव्हतं. पावसाळा तोंडावर आला की होड्या खाडीतून वर काढायच्या असतात. पूर्वी माणसं ओढायची, आता गाडी ओढते. पण गाडीवाल्याकडे जाऊन तोंडाने मागायचं नाही, अशी त्यांच्या गल्लीतली रीत. मागितलं तर त्याला नाही म्हणणं जड जातं. म्हणून आदल्या दिवशी गाडीच्या हुकाला आपल्या जाळ्याचा दोरा बांधून यायचं. गाडीवाल्याला जमणार असेल तर तो दोरा राहू देतो, जमणार नसेल तर गुपचूप सोडून टाकतो. कुणी कुणाला काही बोलत नाही. आणि ज्या गाडीला हुक दिसत नाही, तिला कुणी दोरा बांधत नाही.

"दोन हप्ते आमच्या गाडीला कोनी इचारला नाय," ती म्हणाली. "ह्यांचा जीव बारीक झालता."

"आणि हा दोरा कुणाचा?"

"आमच्या सासऱ्यांचा. त्यांची होडी उद्या सकाली काडायची हाय, भरतीला."

"सख्खा बाप मुलाच्या गाडीला दोरा बांधतो?"

"घरची असली म्हनून काय झाला? त्यांनाच पयला बांदायचा होता. दोन हप्ते वाट बगत होते."

दादाच्या वडिलांना सगळं गाव तांडेल म्हणतं, म्हणजे होडीचा प्रमुख. वय ऐंशीच्या पुढे. आता ते पाण्यात जात नाहीत, पण होडी काढताना दोरावर हात त्यांचाच असतो. हेही वहिनीनेच सांगितलं. गाडी होडीकडे तोंड करून उभी करतात, दोर दोन्ही हुकांना बांधतात आणि गाडी रिव्हर्समध्ये उतारावर चढते, म्हणजे चालवणाऱ्याला समोर होडी दिसत राहते. होडीचा तळ चिखलाने धरलेला असतो. तो कधी सुटला, दोर किती ताणला, हे तांडेल दोरावर तळहात ठेवून ओळखतात आणि दुसऱ्या हाताने मुलाला खूण करतात, हळू, थांब, आता घे. ते दोराला लागूनच उभे असतात, हुकाच्या अगदी सरळ रेषेत.

मी तिथेच उभा राहिलो. समोर माझा लाल हुक आणि त्याला बांधलेला हिरवा दोरा. पाच मिलिमीटरच्या पट्टीवर चिखलात बसलेली होडी ओढायची. पट्टी वाकली तर ठीक. पण तुटली तर ताणलेल्या दोराबरोबर दोन किलोचा हुक सुटणार, आणि तो जिथे जाणार तिथे तो म्हातारा माणूस उभा असणार. हे समजायला मिस्त्री असण्याचीसुद्धा गरज नाही.

घरात दिवा होता. तांडेल आतल्या खोलीत खाटेवर बसलेले दारातून दिसत होते. मी दहा पावलं चालून आत गेलो असतो तर काम झालं असतं. पण मी वहिनीला म्हणालो, "चला, येतो," आणि कठड्याचं माप घेऊन घरी आलो.

का आलो, हे मी स्वतःला पुष्कळदा विचारलंय. लाज वाटली, हे खरं. ट्रक टांग म्हणालो होतो. दादाने गावात चार जणांना माझं नाव सांगितलं होतं. आणि माणसाचं मन फार हुशार असतं, ते लगेच हिशेब मांडून देतं. होडी लहान आहे. हुक दोन आहेत, भार वाटला जाईल. वेल्ड माझा आहे, माझा वेल्ड आजवर सुटलेला नाही. जेवताना बायकोने विचारलं, बरं नाही का? मी तिच्यावर उगाच खेकसलो. वेल्ड सुटणार नव्हताच, मला ते पक्कं माहीत होतं. सुटली असती ती पट्टी, आणि पट्टीचा विचार मी मनाला करू देत नव्हतो.

सकाळी चहाचा कप हातात घेतला आणि तो खाली ठेवून दिला. दुकान उघडलं, ती जुनी गोणी शोधली. चेसीचे मूळ बोल्ट त्यात तसेच होते. ते आणि पान्यांची पेटी घेतली, स्कूटर काढली आणि जेट्टीकडे निघालो. तेव्हासुद्धा वाटेत मी देवाला म्हणत होतो की त्यांचं आटपलेलं असू दे, सगळं नीट झालेलं असू दे, म्हणजे मला काही बोलायला नको.

आटपलेलं नव्हतं. भरतीचं पाणी उताराच्या मध्यावर होतं. होडीच्या दोन्ही अंगांना सहा-सात माणसं गुडघाभर चिखलात, होडीला खांदे लावून उभी. गाडी होडीकडे तोंड करून, दोर बांधलेला, इंजिन चालू. तांडेल दोराजवळ उभे होते. अंगात बंडी, डोक्याला रुमाल, उजवा तळहात दोरावर. दोर अजून सैल होता. त्यांनी डावा हात वर केला आणि दोर हळूहळू वर यायला लागला.

  मी धावत गाडीच्या खिडकीशी गेलो, हात आत घातला आणि चावी फिरवून इंजिन बंद केलं.

दादा माझ्याकडे बघत राहिला. "काय झाला?"

"दादा, हुक चेसीला नाहीत. बंपरच्या पट्टीला आहेत."

"म्हंजे?"

"म्हणजे तुटतील. होडी ओढायला नाहीत ते. दिसण्यापुरते आहेत."

सगळी माणसं ऐकत होती. दादा खाली उतरला, गाडीच्या पुढे गेला, वाकून बघितलं आणि सरळ झाला. त्याचा चेहरा आधी पडला आणि मग लाल झाला.

"तू बोल्लास, ट्रक टांग."

"बोललो."

"माझा बा उभा हाय तिथं."

"म्हणून तर आलो."

तो मला मारेल असं मला वाटलं, आणि त्याने मारावं असंही वाटलं. मागून कुणीतरी म्हणालं की पानी उतराला लागेल. त्या उधाणाचा तो शेवटचा मोठा दिवस होता. आज होडी निघाली नाही तर पुढचं उधाण पंधरा दिवसांनी, आणि तोवर पाऊस. म्हणजे म्हाताऱ्याचा जीव वाचला तरी माझ्या चुकीने होडी जाणार होती.

"वीस मिनिटं दे," मी म्हणालो. "बंपर काढतो, हुक चेसीला लावतो. बोल्ट आणलेत."

 मी गाडीखाली गेलो. खाली ओला चिखल, पाठीला शिंपल्या टोचत होत्या. बंपरचे चार बोल्ट. तीन सुटले, चौथा माझ्याच रंगाने धरून बसला होता. मी त्या रंगाला आणि स्वतःला सातारी भाषेत जे काही येतं ते सगळं ऐकवलं. पान्यावर लाथ मारली तेव्हा तो सुटला. बंपर खाली येणार तेवढ्यात दुसऱ्या बाजूने दोन हातांनी तो धरला. दादा होता. माझ्याकडे न बघता त्याने बंपर उचलून भिंतीला टेकवला आणि परत येऊन बसला. मी हात पुढे केला की तो त्यात पाहिजे तो पाना ठेवायचा. एक शब्द बोलत नव्हता आणि एकदाही चुकीचा पाना देत नव्हता.

प्लेटांवरून खोललेले हुक जुन्या जागी बसले. जाड बोल्ट, खाली वॉशर, चेसीच्या त्याच भोकांत जिथे कंपनीने त्यांना बसवलं होतं. शेवटचा आवळताना मी अंगातला सगळा जोर लावला आणि मग पुन्हा एकदा सगळे बोल्ट तपासले. बंपर नसलेली ती गाडी दात पडलेल्या माणसासारखी दिसत होती. पाणी एक हात उतरलं होतं.

दोर पुन्हा बांधला. मी बाजूला व्हायला लागलो तेव्हा तांडेलांनी मला हाक मारली. इतका वेळ ते जागचे हलले नव्हते.

"मिस्तरी, हितं ये."

मी गेलो. त्यांनी माझा हात मनगटाला धरला, दोरावर ठेवला आणि त्यावर आपला तळहात ठेवला. तो हात सुकलेल्या लाकडासारखा हलका होता, पण पकड सुटण्यासारखी नव्हती. मला समजलं की आता हुक सुटला तर तो आम्हा दोघांनाही लागेल. मला भीती वाटली. बोल्ट मीच आवळले होते, दोनदा तपासले होते, तरी वाटली. आदल्या संध्याकाळपासून मी ज्या जागेचा विचार करत होतो त्या जागेवर उभं राहिल्यावर ती जागा काय असते ते समजलं.

त्यांनी डावा हात वर केला. दोर माझ्या तळहाताखाली ताणत गेला, कडक झाला, आणि त्यातून बारीक थरथर यायला लागली. माणसांनी एकसुरात जोर लावला. होडी हलेना. तांडेलांनी हात तसाच धरून ठेवला. मग दोरात काहीतरी एकदम हलकं झालं, कानाला ऐकू येण्याच्या आधी ते हाताला लागलं, आणि चिखलाने मोठा आवाज करून होडी सोडली. ती वर यायला लागली. आम्ही दोघं दोराबरोबर बाजूबाजूने चालत राहिलो, त्यांचा हात माझ्या हातावर, थेट सुक्या जागेपर्यंत.

गाडी थांबली. माणसं होडीखाली लाकडाचे ओंडके सारायला धावली. दोर सैल पडला तरी तांडेलांनी हात काढला नाही.

"कवा कलला तुना?" त्यांनी हळूच विचारलं. दुसऱ्या कुणाला ऐकू गेलं नसेल.

मला खोटं बोलता आलं असतं. आज सकाळी, असं म्हटलं असतं तर ते खपलंही असतं.

"काल संध्याकाळी," मी म्हणालो. "तुमच्या दारातच."



"सांजचे मी घराच व्हतो, पोरा," ते म्हणाले. "आत येयाचा व्हता. च्या पिली असती."

एवढं बोलून त्यांनी माझ्या हातावरचा हात काढला आणि ते होडीचा तळ बघायला गेले. त्यांनी एखादी शिवी दिली असती तर मी ती घेतली असती आणि दोन दिवसांत विसरलोही असतो. मी पाने गोळा करायला खाली वाकलो आणि बराच वेळ तसाच वाकून राहिलो.